नवा प्रोसेसर आणि बुडालेलं गाव

एका तालुक्याच्या गावी एक नकाशेवाला राहत होता. त्याचं नाव मुकुंद. लोकांच्या घरांचे आराखडे तो कॉम्प्युटरवर काढून द्यायचा. हात असा सफाईदार, की न बांधलेल्या घरातही माणसाला फिरून आल्यासारखं वाटे.

त्याचं मूळ गाव धरणात बुडालं होतं. कोणाकडे एक फोटोसुद्धा नव्हता. पण त्याच्या चंद्राआत्याला गावातलं दारन् दार पाठ होतं. मुकुंदने ठरवलं, आत्या सांगेल तसं अख्खं गाव कॉम्प्युटरवर उभं करायचं. शेजारच्या दौलतकाकांना तर फार आनंद झाला. गाव उठलं तेव्हा ते दोन वर्षांचे होते. "जन्मलो ते घर एकदा बघेन रे," ते म्हणाले.

पहिल्याच दिवशी आत्या खुर्ची ओढून ऐटीत बसली. "घे, वेशीपासून सुरू कर. डावीकडे यमाजी तेल्याचा घाणा. त्याला उंबरठाच नव्हता, बैल आत जायचा ना!"

"थांब आत्या," मुकुंद म्हणाला. "हा कॉम्प्युटर एवढ्या कामाला दमतो. पाडव्याला नवा प्रोसेसर येतोय. कॉम्प्युटरचा मेंदूच म्हण. तो आला की गाव झपाट्यानं उभं राहील."

पाडवा आला, प्रोसेसर आला नाही. कंपनीनं गणपतीचा वायदा केला, मग दिवाळीचा. मुकुंद रोज सकाळी त्याच्या बातम्या वाचायचा आणि वेगाचे आकडे घोकायचा.

"झालं का गाव?" दौलतकाका दर आठवड्याला विचारायचे.

"प्रोसेसर येऊ द्या."

"अरे, मग तोवर वहीत तरी उतरव! पेन्सिलीला कसला आलाय मेंदू?"

"एकच काम दोनदा कशाला करायचं, काका?"

आत्याही वैतागली. "पोर अजून जन्मायचंय, आणि हा पाळणा हलवत बसलाय!" तरी जेवताना ती सांगतच राहायची. कुंभारांची आळी, पाणवठा, कोणाच्या परसात कसलं झाड. मुकुंद मान डोलवायचा आणि फोनवर बातम्या चाळायचा.

दिवाळीला प्रोसेसर खरंच दुकानात आला. दौलतकाका पेढे घेऊन धावले. मुकुंद म्हणाला, "आता हा कोण घेईल? पुढच्या वर्षी याच्या दुप्पट वेगाचा येतोय."

काकांनी पेढ्यांचा पुडा टेबलावर आपटला.

पुढच्या पावसाळ्यात आत्याला मेंदूचा झटका आला. ती वाचली, हिंडूफिरू लागली, पण जुन्या गोष्टी पुसट झाल्या. त्यानंतर चार महिन्यांनी तो दुप्पट वेगाचा प्रोसेसर घरी आला. मुकुंदने कॉम्प्युटर जोडला. नदी, डोंगर, आभाळ चुटकीसरशी पडद्यावर उभं राहिलं. त्यानं आत्याला शेजारी बसवलं आणि काकांना हाक मारली.

"आत्या, सांग आता. दौलतकाकांचं घर कुठं होतं?"

आत्या पडद्याकडे बघत राहिली.

"नाही रे आठवत," ती शेवटी म्हणाली. मग तिचा चेहरा खुलला. "पण मी तर तुला सगळं सांगितलं होतं ना! तू उतरवून घेतलं असशील की."

दौलतकाकांनी चपला घातल्या आणि ते घरी गेले.

तात्पर्य: अवजार उद्या याहून चांगलं मिळतंच, आणि परवा त्याहूनही. सांगणारं माणूस मात्र तोवर थांबत नाही, म्हणून आधी त्याचं ऐकून घ्यावं.