न दुखणारा पाय

“…मग तो आहे तरी कुठे, बाबा? आत म्हणता, तर आत पाहिलं. वर म्हणता, तर वरही पाहिलं. दोन्हीकडे सामसूम.”

कुष्ठधामाच्या ओसरीवर शांतवनबाबा भिंतीला टेकून बसले होते. बोटं झडलेले दोन्ही हात मांडीवर.

समोर चर्चचा पाळक सुधन उभा होता. आठ महिन्यांपूर्वी त्याची तीन वर्षांची लेक तापाने गेली. तेव्हापासून तो प्रार्थना पुस्तकातून वाचत होता, करत नव्हता.

आतल्या खोलीत कुष्ठधामातल्याच मार्थाबाईला शवपेटीत ठेवलं होतं. चार वाजता माती द्यायची होती. तिच्या दोन्ही मुलांना निरोप पोचला होता. कुणी आलं नव्हतं.

“मी नाही करणार प्रार्थना,” सुधन म्हणाला. “कुणीही पुस्तक वाचावं.”

“इथे वाचता कुणाला येतं?”

“मग तसंच पुरा. पण मी खोटं बोलणार नाही. तेवढा तरी ताठा राहू द्या माझा.”

“राहू दे की. भाकरीबरोबर खाल्लास तर पचेलही.”

सुधनला हसू आलं नाही.

“तुम्हीच शिकवलंत मला. डोळे मीट, आत जा, तो तिथे आहे. मग म्हणालात, डोळे उघड, तो आभाळाच्याही पलीकडे आहे. पोरीच्या उशाशी बसून मी दोन्ही केलं, बाबा.”

“हं.”

“कुणी नव्हतं.”

“मग?”

“मला काही जाणवलं नाही. आणि जे जाणवत नाही, ते नाही.”

बाबांनी उजवा पाय पुढे सरकवला.

“कबरस्थान लांब आहे. निघण्याआधी तळवा बघ जरा.”

कुष्ठधामातली ती रीतच होती. तिथल्या माणसांच्या हातापायांना काही कळत नसे. काटा रुतो, निखारा लागो, माणूस आपला चालत राहतो. मग जखम चिघळते, आणि एक दिवस पाय कापावा लागतो. म्हणून रोज सकाळी एकाने दुसऱ्याचे तळवे पाहायचे. बाबांना डोळ्यांनी फारसं दिसत नव्हतं. त्यांचे पाय वीस वर्षं मार्थाबाई पाहत आली होती, तेही शिव्या देत. ‘थेरड्या, परत कुठे तडमडलास?’

“दोन दिवस कुणी बघितलं नाही,” बाबा म्हणाले.

सुधन अवघडला. तीन वर्षं तो इथे येत होता, पण या पायांना त्याने कधी हात लावला नव्हता. नाइलाजाने खाली बसला. पाय मांडीवर घेतला. पट्टा सोडून चप्पल काढू लागला. निघेना. जरा ओढली…

“आई गं!”

सुधनने ओरडून हात झटकला. जणू त्याच्याच तळव्यात काही घुसलं होतं.

चपलेच्या रबरातून एक लांब खिळा आरपार पायात गेला होता. पेटी ठोकताना अंगणात सांडलेला. सकाळपासून बाबा त्यावर चालत होते.

“काय आहे रे?” बाबांनी शांतपणे विचारलं.

“खिळा… खिळा आहे, बाबा.”

“मग काढ.”

सुधनने ओठ दाताखाली धरले आणि खिळा उपसला. चपलेत रक्त साचलं. बाबांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. सुधनच्या डोळ्यांतून मात्र पाणी वाहू लागलं. लेकीला माती देताना आलं नव्हतं, ते आज थांबेना.

“फार दुखतंय का?” बाबांनी विचारलं.

“मला? … पाय तुमचा आहे, बाबा.”

“हो, पाय माझाच. मग ओरडलं कोण?”

सुधनने खिशातला रुमाल काढून पायाला घट्ट बांधला. बांधून झालं, तरी पाय सोडला नाही.

आतून चौघे पेटी घेऊन आले. बोटं नसलेले हात, म्हणून पेटी कोपरांच्या घडीत धरलेली. दारात ते थांबले. “पाळकसाहेब, निघायचं ना?”

सुधनने वर पाहिलं. मग बाबांकडे वळला.

“तिथे मी काय बोलू, बाबा?”

“तू नको बोलूस. माझा खिळा तुझ्या आत ज्याला दुखला, त्याला बोलू दे.”