दार नसलेलं घर

कुमुदा ओरडून ओरडून सांगत होती, पण तिचं कुणीही खरं मानलं नाही. ही गोष्ट गोदेकाठच्या पोतन नगरातली, अरिंदम राजा राज्य करीत होता तेव्हाची. त्या जन्मी बोधिसत्त्व राजाचे अमात्य होते, नाव नंदिसेन. कुमुदा त्यांची बायको. राजाच्या कोठारातलं धान्य नाहीसं झालं आणि आळ नंदिसेनांवर आला. "कोठारावरच्या कालकानं नेलं! त्याच्या गाड्या मी या डोळ्यांनी पाहिल्यात," कुमुदा म्हणाली. लोक हसले. बायको नवऱ्याचीच बाजू घेणार!

त्या नगरात रीत अशी, की पदावरून उतरवलेल्याच्या घराचं दार राजाचे सुतार काढून नेत. उरे नुसती चौकट. मग येईल त्यानं आत यावं. भांडीकुंडी बघता बघता गेली. मागून येत राहिलं ते नदीवरचं धुकं. पहाटे ते घरभर पसरे, चूल दिसेनाशी होई, आणि लेक उत्पला जागी झाली की तिच्या कुशीत कुणाचं तरी वासरू निजलेलं असे. पोर हसे. कुमुदा लोकांचं दळण दळत दातओठ खाई.

नंदिसेन मोळ्या विकत. हाताला सवय नव्हती. भर बाजारात मोळी सुटली.

"अमात्य, राज्य सांडलं तुमचं!"

बघे हसले. नंदिसेनही हसले. ते घरी आल्यावर कुमुदेनं ती मोळी पुन्हा आवळून बांधली.

पुढे कालकाची चोरी उघडी पडली आणि तो पळाला. तरी नंदिसेनांचं दार काही परत आलं नाही. जो त्याला धरून देईल त्याला मागेल ते मिळेल, अशी दवंडी पिटली. दुसऱ्या पहाटे धुक्यातून एक माणूस आत आला आणि चुलीपाशी बसला. सगळ्या नगरात उघडं घर हे एकच. तो कालक होता.

"अहो, धरा त्याला! दार परत मिळेल आपलं!"

"बस, दादा," नंदिसेन म्हणाले. "पेज गरम आहे."

"पोरीच्या तोंडची आहे ती!"

"मग माझ्या वाटची दे."

कुमुदेनं वाडगा आदळला, पण भरून आदळला.

एवढ्यात शिपाई चौकटीशी आले. "इथं कुणी आलंय?"

नंदिसेन खोटं बोलत नसत. "आलाय. जेवतोय. जेवणावरून उठवू नका."

शिपाई धुक्यात थांबले. कालकानं वाडगा खाली ठेवला. तो रडत उठला, कुमुदेच्या पाया पडला. "वहिनी, तुमचं खरं होतं. मीच नेलं."

शिपायांनी त्याला नेलं. तो नंदिसेनांच्या घरी सापडला, म्हणून दरबारात राजा म्हणाला, "अमात्य, मागा."

"कालकाच्या घराचं दार काढू नका, महाराज. आत त्याची पोरं आहेत."

राजानं मान खाली घातली. ती रीत त्या दिवशी मोडली. नंदिसेनांना पदही मिळालं, दारही.

ही कथा सांगून भगवंत म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा कालक म्हणजे देवदत्त, उत्पला ती भिक्षुणी उत्पलवर्णा, कुमुदा ती राहुलमाता, आणि नंदिसेन मीच." अपराध्यालाही आपल्या वाटचं देणं, हीच क्षांती, हीच क्षमा.

पण क्षमा केली ती नंदिसेनांनी. चोराला मोह पडला, हे कुमुदेला कळत होतं. ज्यानं एका शब्दानं न विचारता दार उतरवलं, त्याला मात्र तिनं सोडलं नाही. दोष कुणाचा, असं कुणी विचारलं की ती नव्या दाराला टेकून, मोठ्यानं, एकच नाव घेई: अरिंदम.