गुळगुळीत जातं

जात्यांना बोलता येत होतं, त्या काळची गोष्ट. अनशीबाईंच्या पडवीत एक जातं होतं. दळून दळून त्याचे दोन्ही दगड आरशासारखे गुळगुळीत झाले होते आणि त्याचाच त्याला भारी तोरा होता.

दर वर्षी चंद्राक्का "टाकी लावायची का, टाकी?" अशी हाळी देत गल्लीतून जायची. छिन्नी-हातोडीनं टोचून जाती पुन्हा खरखरीत करणं हे तिचं काम. त्या ठकठकीनंच जात्याला कापरं भरायचं.

"अरे, पीठ जाडंभरडं पडतंय. लावून घे टाकी," त्याचा खुंटा म्हणायचा.

"उगीच कशाला? मला कुठं काय दुखतंय?"

एके दिवशी शेजारच्या अंगणातून धपाधप आवाज आला. जात्यानं तिकडं पाहिलं. त्याच्याच खाणीतलं शेजारचं जातं चिखलात उताणं पडलं होतं आणि त्याच्यावर कुणी गोधड्या आपटत होतं!

"अरे, तू... तू धुण्याचा दगड? असं झालं तरी काय तुला?"

"काहीच झालं नाही रे," ते म्हणालं. "दुखायला लागलं की चंद्राक्काला बोलावू, असं म्हणत राहिलो. पण दगडाला दुखतंय कुठं! शेवटी एक दिवस अख्खे दाणे जसेच्या तसे बाहेर पडले."

तेवढ्यात गल्लीत हाळी आली.

"चंद्राक्का! इकडं, आधी इकडं!" जातं जिवाच्या आकांतानं ओरडलं.

ती धावतच आली. "काय रे, कुठं दुखतंय?"

"कुठंच नाही! म्हणून तर म्हणतो, घाई कर!"