बांधाचं गाणं

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा तुमच्या आजोबांच्या आजोबांनाही दात फुटले नव्हते. डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. गावाच्या उशाला तलाव होता, तलावाला मातीचा बांध होता आणि बांधाच्या खाली पंधरा-वीस घरांची एक वस्ती होती.

बांध मऊ पडला की सारा गाव त्यावर माती टाकून धुम्मसांनी ठोकत असे. धुम्मस म्हणजे लाकडाचा जड ठोकळा, दोघांनी उचलून आपटायचा. सगळ्यांचे घाव एकदम पडले तरच माती बसते, आणि घाव एकदम पडायला गाणं लागतं. ते गाणं गावच रचायचा. ध्रुपद सर्वांचं, पण प्रत्येक घराने आपलं एक कडवं स्वतः रचून गायचं, अशी तिथली रीत होती.

एका वर्षी हस्ताचा पाऊस तीन दिवस थांबलाच नाही. चौथ्या दिवशी दुपारी बांधातून गढूळ पाणी पाझरू लागलं. वस्तीपुढचा ओढा दुथडी भरलेला, त्यामुळे वस्तीतल्या माणसांना बाहेर पडायला वाट नव्हती. त्या वस्तीत धोंडाई कुंभारणीची लेक होती, कालच बाळंत झालेली.

सारा गाव बांधावर धावला. धुम्मस उचलले गेले, ध्रुपद सुरू झालं.

‘हाणा घाव, हाणा घाव,
बांध राखील सारा गाव!’

इथपर्यंत ठीक होतं. घोडं पेंड खाऊ लागलं ते कडव्यांपाशी. तळ्यात जाळी लावून मासे धरणाऱ्या भोयांच्या म्होरक्याने पहिलं कडवं टाकलं.

‘कुंभारांनी रान तोडलं,
गाळानं आमचं तळं बुडलं.’

कुंभार कसले गप्प बसतात!

‘भोयांनी खुंटे ठोकले बांधात,
पाणी शिरलं त्याच भोकांत.’

मग दोघांनी मिळून धनगरांच्या मेंढ्यांवर बोट ठेवलं. धनगराने संतापून हातातला धुम्मस टाकला. भोई बांधावरून उतरू लागले. घाव चुकले, माती बसेना, आणि पाझर होता तिथे आता बोटभर धार लागली. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ सगळ्यांना दिसत होतं. पायाखालचं पाणी कुणाला दिसत नव्हतं. मला तर अशा माणसांचा राग येतो बुवा.

धोंडाई मधोमध येऊन उभी राहिली.

“आरं, भांडान मागनं करा! माझी लेक खाली हाय, ओली बाळंतीन हाय. कुनाचं चुकलं ते मला नगा सांगू. माझं काय चुकलं ते मी सांगते.”

आणि तिने आपल्या आव्याचं, मडकी भाजायच्या भट्टीचं, कडवं धरलं.

‘आव्यात माझ्या रान जळलं,
गाळानं तळं मीच भरलं.’

मग भोयांचा म्होरक्या परत वर चढला आणि मान खाली घालून गायला.

‘खुंटे ठोकले माझ्या हातानं,
बांध पोखरला माझ्या जाळ्यानं.’

धनगराने धुम्मस पुन्हा उचलला.

‘मेंढरं माझी बांधावर चरली,
मुळासकट हिरवळ सरली.’

आता घाव एकदम पडू लागले. माती बसली, धार बारीक झाली. पण एक गोष्ट कुणाला कळेना. तलावाचं पाणी चढतच होतं. बांधाच्या टोकाला जादा पाणी वाहून जायला सांडवा होता. तो पाटलाच्या उसापलीकडे, तिथे कुणाला फिरकायची मुभा नव्हती. सांडवा वाहत असताना पाणी चढावं कसं?

पाटलाची पाळी आली. त्याने मिशीवरून हात फिरवला.

‘पाटलाचं घर गावाची सावली,
लेकरांना जशी माउली.’

लोकांनी मुकाट्याने ध्रुपद म्हटलं. पाणी आणखी वर आलं. बांधाचा माथा आता वीतभरच उरला होता. खालून बायकांच्या हाका ऐकू येत होत्या. धोंडाई गात होती, रडत होती आणि धुम्मस आपटत होती.

तिच्या धुम्मसाला दुसऱ्या बाजूने पाटलीणबाईंनी हात घातला होता. त्यांनी धोंडाईच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्यांच्याच्याने राहवेना.

“थांबा,” त्या म्हणाल्या. “आमच्या घरचं कडवं खोटं हाय.”

“गप ऱ्हा!” पाटील ओरडला.

त्या गप्प राहिल्या नाहीत. त्यांनी मोठ्याने गायलं.

‘सांडव्याच्या वाटेत ऊस लावला,
दगड घालून सांडवा बुजवला.’

सारे सांडव्याकडे धावले. पाटील काठी घेऊन आडवा आला. “सांडवा उघडला तर माझा सगळा ऊस जाईल!”

“आन् न्हाई उघडला तर?” धोंडाईने विचारलं. “माझा नातू अजून एक दिसाचा हाय, पाटील.”

तोवर पाटलीणबाई त्याला वळसा घालून पुढे गेल्या होत्या. चिखलात गुडघे टेकून त्यांनी पहिला दगड उपसला. दुसरा भोयाने, तिसरा धनगराने. पाटलाने काठी टाकली, पण दगडाला काही हात लावला नाही.

पाणी सुटलं. डोळ्यांदेखत पुरुषभर उंचीचा ऊस आडवा झाला आणि चिखलासकट वाहून गेला. दिवस मावळेपर्यंत तलाव हातभर उतरला. वस्तीतलं एकही माणूस दगावलं नाही.

सांडव्याच्या वाटेत पुन्हा कधी कुणी काही पेरलं नाही. आणि त्या गावात बांधाचं गाणं तेव्हापासून पाटलाच्या घरापासून सुरू होतं. ते कडवं स्तुतीचं असलं, तर गाव धुम्मस उचलतच नाही.

तात्पर्य : संकट सर्वांचं असलं तरी निवारणाची सुरुवात आपली चूक आपल्या तोंडाने सांगण्यापासूनच होते.