न बोलणारा फोन

"पण चाचा, पलीकडे कुणी बोलतच नसेल, तर मी फोन धरून ठेवू कशाला?"

नंदिता आयरेने हे विचारलं तेव्हा सकाळचे नऊ वाजून सव्वीस मिनिटं झाली होती. हवेवर खालूबाजाच्या ढोल-सनईची रेकॉर्ड चालू होती. तिला बोलायला साडेतीन मिनिटं मोकळी होती.

कोपऱ्यातल्या खुर्चीत बसलेल्या इनूसचाचा परकारांनी पेला उचलला. चहाचा एक घोट घेतला.

कातळबंदरचा खाडी रेडिओ म्हणजे बर्फाच्या कारखान्याच्या माडीवरच्या दोन खोल्या. एकीत माईक आणि यंत्रं, दुसरीत व्यवस्थापक करंबेळकर. मध्ये काच. खाडीच्या दोन्ही अंगांची चौदा गावं हा रेडिओ ऐकतात. खाडी ओलांडणारी तर आज बंद आहे का, नमनाचा खेळ कुठल्या वाडीत आहे, कुणाची म्हैस सुटली, डॉक्टर आज येणार की नाही, सगळं त्यांना इथूनच कळतं.

नंदिता रोज नऊ ते दहा 'सकाळची ओटी' हा गप्पांचा कार्यक्रम करायची. पुण्यात पत्रकारिता शिकून आली होती. हुशार होती, आणि ते तिला माहीत होतं. आपल्या कार्यक्रमात दोन सेकंदांचीही रिकामी जागा पडत नाही, असं ती अभिमानाने सांगे. ते खरंही होतं. पाहुणा अडखळला की ती त्याचं वाक्य पुरं करी. म्हातारीकोतारी फोनवर लांबण लावू लागली की म्हणे, "काकू, थोडक्यात."

चाचा निवृत्त माणूस. उमेदीची वर्षं मालवाहू जहाजांवर वायरलेस ऑपरेटर म्हणून गेलेली. आता नव्या मुलांना माईकसमोर बसायला शिकवतात, असं कागदावर होतं. प्रत्यक्षात ते फार काही शिकवत नसत. बसून ऐकत.

नंदिताला ते आवडायचे. पण त्यांच्याकडून शिकण्यासारखं काही उरलंय, असं तिला वाटत नव्हतं.

त्या दिवशीचा विषय तरीची नवी वेळ हा होता. बारा मिनिटांनी एक फोन आला. पलीकडे कुणीच बोललं नाही. तिने दोनदा हॅलो केलं आणि ठेवला. पंचविसाव्या मिनिटाला पुन्हा तेच. या खेपेला ती हवेवरच हसून म्हणाली, "आपले हे श्रोते फारच लाजाळू दिसतात!" ठेवला, आणि रेकॉर्ड लावली.

मग चाचा म्हणाले होते, "धरून ठेवायचा होतास."

त्यावर तिचा तो प्रश्न.

चहा संपला. चाचांनी पेला खाली ठेवला.

"दोन्ही वेळा फोन कुणी ठेवला?"

"मी."

"त्यांनी नाही?"

"नाही... पोरं असतील चाचा. खोड्या काढतात."

"पोरं हसतात."

 नंदिता म्हणाली, "राँग नंबर असेल."

"राँग नंबरवाला दुसऱ्यांदा लावत नाही. तू काय ऐकलंस?"

"काही नाही. माझाच आवाज परत येत होता. त्यांच्या घरात रेडिओ लावलेला असणार."

"म्हणजे घर आहे."

"असेल."

"आणि तुझ्या आवाजाच्या मागे?"

"मागे काय असणार?"

"ते कसं कळणार? तू बोलत होतीस."

तिला राग आला. रेकॉर्ड संपत आली होती. तिने हेडफोन चढवले, फेडरची आवाज वाढवणारी पट्टी वर केली आणि तरीच्या वेळापत्रकावर नेहमीच्या झपाट्याने बोलू लागली. तिचं तिसरं वाक्य चालू असताना फोन वाजला.

टेबलावरचा तो फोन जुना. नंबर दिसायची सोय त्याला नव्हती.

"नमस्कार, सकाळची ओटी, कोण बोलतंय?"

...

"हॅलो? बोला, आम्ही ऐकतोय."

...

तिचा हात फोन तोडायच्या बटणाकडे गेला. चाचा कधी उठले ते तिला कळलं नाही. त्यांचा तळहात त्या बटणावर आधीच पालथा पडलेला होता.

मग ते तिच्या माईकवर वाकले. एवढ्या महिन्यांत ते हवेवर पहिल्यांदाच बोलत होते.

"मंडळी, फोनवर कुणीतरी आहे. त्याला बोलता येत नाही, असं वाटतं. आम्ही गप्प बसतो. तुम्ही ऐका. काही ओळखीचं वाटलं तर मोबाइलवर कळवा."

त्यांनी माईकचा फेडर खाली ओढला आणि फोनचा वर केला.

खाडी रेडिओ गप्प झाला.

पाच सेकंद... दहा सेकंद...

 काचेपलीकडे करंबेळकर उभे राहिले होते आणि दोन्ही हातांनी 'काय चाललंय?' असं विचारत होते. रेडिओवर इतका वेळ शांतता म्हणजे स्टेशन बंद पडलं असंच लोक समजतात. चाचांनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. डोळे मिटून ते नुसते उभे होते.

वीस सेकंद...

आधी पलीकडचा रेडिओ फोनमध्ये घुमल्याची एक बारीक शिट्टी आली. चाचांनी फोनचा आवाज किंचित कमी केला. शिट्टी गेली आणि तिच्या मागून श्वास ऐकू आला. जड आणि ओढल्यासारखा. मध्ये अडकणारा.

नंदिताने हेडफोन दोन्ही हातांनी कानावर दाबले.

कोंबडी. भांड्याला काहीतरी घासल्यासारखा आवाज. पुन्हा श्वास. मग लांबून करकर... करकर... करकर. थांबलं. पाणी ओतल्याचा आवाज. पुन्हा करकर... करकर... करकर.

पुढची करकर सुरू व्हायच्या आधी स्टेशनचा मोबाइल वाजला. नंदिताने तो झडप घालून उचलला.

"ह्यो आमच्या इहिरीचा रहाट हाय!" पलीकडून एक बाई ओरडत होती. "मी शेवंती, तरीवाडीतनं! वर येताना तीनदा वरडतो नि मग गप ऱ्हातो. दुसरा कुठला न्हाय! माझी जाऊ पानी काढत्ये आत्ता!"

नंदिताने काही विचारायला तोंड उघडलं. चाचांनी तिच्याकडे पाहिलं. तिने तोंड मिटलं.

"इहिरीला लागून एकच घर..." शेवंतीचा आवाज एकदम खाली आला. "आवडाबायचं. अगो बाय... आज तिचं दार उघडलेलं मी बघितलंच न्हाय."

मोबाइल तसाच राहिला. धावणारी पावलं ऐकू आली.

आवडाबाय खवळे. नंदिताला नाव माहीत होतं. आठवड्यातून दोनदा तरी तिचा फोन यायचा. नवरा तरीवर तांडेल होता, होडी तोच हाकायचा; तो गेल्यावर ती एकटीच राहायची. विषय कुठलाही असो, ती सुरुवात तिच्या लग्नाच्या वऱ्हाडाच्या होडीपासून करायची. आदल्या दिवशीही केली होती.

नंदिता तिला म्हणाली होती, "काकू, थोडक्यात."

हवेवर अजून फक्त तो श्वास होता.

आणि मग दार बडवल्याचा आवाज आला. चौदा गावांनी तो ऐकला. "आवडाबाय! गो आवडाबाय!" पुन्हा दार. कुणीतरी म्हणालं, मागनं जा, मागनं. कौल फुटलं. कडी पडली. पाच-सहा बायकांचे आवाज एकात एक मिसळले. त्यात एक रडल्यासारखा आवाज होता.

नंदिताने टेबलाची कड घट्ट धरली.

"हाय! हाय गो, हाय!" शेवंतीने आवडाबायचा फोन जमिनीवरून उचलला होता आणि ती थेट हवेवर ओरडत होती. "जिती हाय! डोळं उघडं हायत! माझ्याकडं बघत्ये!"

काचेपलीकडे करंबेळकर मटकन खुर्चीत बसले. मग त्यांनी रिक्षासाठी फोन फिरवला. पण तरीवाडीत त्याआधीच दोन रिक्षा आणि एक मासळीचा टेम्पो येऊन उभे होते. बोलावलं कुणीच नव्हतं. ते रेडिओ ऐकत होते.

नंदिता रडत होती. आपण रडतोय हे तिला हनुवटीवरून थेंब पडल्यावर कळलं.

आवडाबायला कातळबंदरच्या इस्पितळात नेलं. पहाटे मोरीपाशी जाताना ती पडली होती. उजवं अंग लुळं पडलं होतं आणि वाचा गेली होती. कमरेला खोचलेला फोन शेजारी जमिनीवर पडला होता. बोटाला एकच हिरवं बटण सापडत होतं. ते दाबलं की शेवटचा लावलेला नंबर लागायचा, आणि तो रेडिओचा होता. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. अंग हळूहळू हलू लागेल. वाचाही येईल बहुतेक.

संध्याकाळी नंदिता आणि चाचा इस्पितळातून चालत धक्क्यापर्यंत आले. होड्या लागत होत्या. 

"तुम्हाला कसं कळलं चाचा?"

"कळलं नव्हतं."

"मग?"

चाचा कठड्यावर टेकले. "आमच्या वायरलेसच्या खोलीत घड्याळ असायचं. त्याच्यावर तांबड्या रंगाच्या दोन फोडी रंगवलेल्या. काटा तांबड्यात आला की तीन मिनिटं कुणी काही पाठवायचं नाही. दर अर्ध्या तासाने. दर्यावर जेवढी जहाजं असतील तेवढी सगळी गप्प."

"कशासाठी?"

"कुणी बुडत असेल. त्याच्याकडचा आवाज बारीक असतो."

नंदिता ऐकत राहिली.

"एकोणीस वर्षं मी त्या खोलीत होतो. एवढ्या वर्षांत दोनदा कुणीतरी होतं."

"आणि बाकीच्या वेळी?"

"बाकीच्या वेळी नव्हतं."

तिला वाटलं, ते पुढे काही सांगतील. पण त्यांनी एका होडीवाल्याला हात केला आणि बांगडा कसा लागला ते विचारलं.

"दोनदा मी तिला तोडलं," नंदिता म्हणाली. "वर थट्टाही केली. ती ऐकत असणार. जमिनीवर पडून तिने ती थट्टा ऐकली असणार, चाचा."

"ऐकली असेल."

"तिने तिसऱ्यांदा फोन केलाच नसता तर?"

चाचांनी तिच्याकडे वळून पाहिलं.

"केला ना."

त्या रात्री तिला झोप लागली नाही. सकाळी ती आधी इस्पितळात गेली. आवडाबाय उशीला टेकून बसली होती. उशाशी शेवंतीने आणलेला रेडिओ. नर्स म्हणाली, पहाटे पहिला शब्द निघाला... "च्या." आणि दिला तर म्हणे अर्धा कप एका दमात संपवला. नंदिता हसली. मग तिने आवडाबायचा डावा हात हातात घेतला. म्हातारी तिच्याकडे बघत राहिली. ओठ हलले. शब्द आला नाही. नंदिता थांबली. पाच मिनिटं तशीच थांबली. शेवटी म्हातारीनेच डोळे मिटले, हात मात्र सोडला नाही.

नऊला तीन मिनिटं कमी असताना नंदिता स्टेशनवर पोचली.

कार्यक्रमाची धून वाजली. संपली. लाल दिवा लागला.

ती बोलली नाही.

समोर कागद होते, विषय होता, पाहुण्याचं नाव लिहिलेलं होतं. तिने माईकचा फेडर वर केलाच नाही. हात मांडीवर ठेवून ती बसून राहिली.

तीन सेकंद... पाच सेकंद...

काचेपलीकडे करंबेळकर उठून उभे राहिले. आज त्यांनी हातवारे केले नाहीत. ते नुसते बघत होते.

आठ सेकंद...

"चाचा," ती हळूच म्हणाली, "मी इतके महिने नुसती बोलत होते. आता मला तोंड उघडायची भीती वाटते. मी गप्प बसलेलंच बरं."

चाचा कोपऱ्यातून उठले. तिच्या शेजारी येऊन उभे राहिले.

"काल आवडाबाय पडली होती तेव्हा तिचा रेडिओ चालू होता?"

"होता."

"तुझा आवाज आला, तेव्हा तिने फोन लावला."

"पण काय बोलू मी?"

चाचांनी एका बोटाने माईकचा फेडर वर सरकवला. त्यामुळे त्यांचं पुढचं वाक्य चौदा गावांनी ऐकलं.

"आज भरती किती वाजता आहे, ते सांग."