घाटात अडलेलं तेल

अरे ऐक ना, आत्ता घाट चढताना एका जुन्या इंग्लिश गाडीच्या इंजिनात काय झालं ते. तिचा मूळचा फिल्टर थोडंच तेल गाळायचा, बाकीचं तसंच पुढे जायचं. म्हणून मालकाने सगळं तेल गाळणारा नवा कागदी फिल्टर बसवला. त्या फिल्टरची ऐट काय विचारतोस. पण मालक पुढे तो बदलायचाच विसरला.

आज चढावर फिल्टर गाळाने पार तुंबला आणि तेल अडलं. आतून बेअरिंग कळवळलं, "दादा, घसा कोरडा पडलाय, जळेन मी. कसलंही तेल सोड."

"घाण पुढे जाऊ देऊ? मी?" फिल्टर म्हणाला.

त्याच्या बुडाशी एक छोटी झडप होती. तेल अगदीच अडलं तरच उघडायचं, एवढंच तिचं काम. फिल्टरने तिला दटावलं, "उघडलीस तर घाणीने बेअरिंगला चरे पडतील. ते पाप तुझ्या माथी."

झडप थबकली. तेवढ्यात बेअरिंगमधून धुराचा वास आला आणि ती उघडली. काळंकुट्ट तेल धावलं. बेअरिंग वाचलं, पण अंगभर चरे पडले.

वर पोचल्यावर फिल्टर म्हणाला, "उघडलीसच का?" बेअरिंग म्हणालं, "एवढा उशीर का केलास?"

खरं सांग, तिच्या जागी तू काय केलं असतंस?