दमयंतीबाईंच्या पोटातला पिळ्या

एकदा काय झालं, दमयंतीबाई नावाच्या एका बाईंच्या पोटात एक नगर होतं. नगराच्या मधोमध आंबट पाण्याचं तळं. इतकं आंबट, की त्यात पडेल तो किडा विरघळून जाई. तळ्याभोवती मऊ, बुळबुळीत भिंत, आणि भिंतीमागे पांढऱ्या पहारेकरणी. त्यांतलीच एक शुभ्रा. अंगाने चिमुकली, पण रागाने ही एवढी मोठी, बरं का!

त्या नगराचा एक रिवाज होता. ज्याच्या कपाळी घरचं कुंकू, तो आपला. त्याच्यावर हात उचलायचा नाही.

मग एके दिवशी घोटभर पाण्याबरोबर पिळ्या आला. पीळ घातलेल्या दोरीसारखा किडा. तळ्यात पडला, पण विरघळला नाही. आंबटपणा मारणारं पाणी लबाडाने स्वतःभोवती शिंपडलं, गरगर फिरत भिंतीवरच्या बुळबुळीत थरात शिरला, आणि कपाळाला चक्क घरचंच कुंकू लावून बसला! मग त्याला पोरं झाली, नातवंडं झाली. सगळी मिळून भिंत कुरतडायला लागली.

"आपलाच कुणीतरी दिसतोय," पहारेकरणी म्हणाल्या.

"आपला?" शुभ्रा कडाडली. "आपला माणूस आपलीच भिंत खातो होय?"

मग तिने गिळूआजोबांना बोलावलं. शत्रू दिसला की गिळायचा, हे त्यांचं काम. त्यांनी एक किडा गटकन गिळला. तर तो मेलाच नाही! आजोबांच्या आत ऐसपैस पाय पसरून बसला. "शुभ्रे, हा मेला पचत नाही गं," आजोबा कण्हले.

मग शुभ्राने आणि तिच्या मैत्रिणींनी पहाऱ्याच्या शेगडीतले निखारे पिळ्यावर फेकले. पिळ्या थरात खोल दडला. निखारे लागले कुणाला? भिंतीला! भिंतीला जखम झाली. सांगा आता, संताप होईल की नाही?

मग शांताक्का धावत आली. भांडणं थोपवायची ती तिनेच. "पुरे गं बायांनो! अशाने घर जाळाल."

"म्हणजे आपण गप्प बसायचं, आणि त्याने मजा मारायची?" शुभ्राचे डोळे भरून आले. पण जखमेकडे पाहून तिने निखारा खाली ठेवला.

इकडे दमयंतीबाई पोट धरून बसलेल्या. त्यांना वाटलं, देवीचा कोप झाला. म्हणून त्यांनी आणखी एक उपास धरला. रिकाम्या पोटी आंबट पाणी जखमेला चुरचुर झोंबायला लागलं.

"अहो बाई!" शुभ्रा आतून ओरडली. "उपाशी तुम्ही, आणि माजतोय तो!"

पण तिचा आवाज बाहेर जाणार कसा? तिच्याजवळ एकच भाषा होती, कळ. तिने जखमेच्या कडेवर मूठ आपटली. मग पुन्हा आपटली. मग सगळा राग एकवटून आपटली.

"आई गं!" दमयंतीबाई देव्हाऱ्यासमोरच वाकल्या. त्यांची सून रेवती धावत आली.

"आई, कधीपासून दुखतंय?"

"असू दे गं. देवीची परीक्षा असेल."

"लेकराने उपाशी कळवळावं असं कुठल्या आईला वाटतं? मग देवीला का वाटेल?" रेवतीचाही आवाज चढला. "उठा बघू. डॉक्टरांकडे चला."

डॉक्टरांनी तपासलं. "पोटात जंतू बसलाय. या तीन तऱ्हेच्या गोळ्या घ्या. बरं वाटलं तरी मध्येच सोडायच्या नाहीत."

"घेतलेलं व्रत मी अर्ध्यावर टाकत नाही," दमयंतीबाई म्हणाल्या.

मग घरी येऊन त्यांनी देवीपुढे हात जोडले आणि औषधाचं व्रत घेतलं. एका गोळीने तळं शांत केलं. दुसऱ्या दोघी पिळ्याच्या मागे लागल्या. कपाळावरचं कुंकू त्या बघतच नव्हत्या! थोड्या दिवसांत दुखणं थांबलं. थरात लपलेला शेवटचा पिळ्या हसला. "आता ही बाई गोळ्या सोडणार, आणि मी पुन्हा घर मांडणार!"

पण दमयंतीबाई व्रत कशा सोडतील? गोळी येतच राहिली. मग तोही मेला.

गोळ्या संपल्या, तसं दमयंतीबाईंनी उद्यापन केलं. मऊ भात, वर तुपाची धार, आणि पहिला घास रेवतीच्या हातून. भिंत हळूहळू भरून आली. शुभ्राने निखारा विझवला, शांताक्काच्या मांडीवर डोकं टेकलं, आणि एक डोळा उघडा ठेवून निजली.

तुमच्याही पोटात अशी एक शुभ्रा जागी आहे, बरं का. दुखलं तर लपवायचं नाही, लगेच सांगायचं. आता पांघरूण घ्या, आणि तिच्या भरवशावर दोन्ही डोळे मिटा.